मिस्त्रींच्या घरची टेप

शिक्षकांना शिकवणं ही एक नोकरी असते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "त्याइले येत नाही त नोकरीवर काऊन घेतलं मंग?" असं त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा भाजी निवडायला लागायच्या. मीही कधी उत्तर दिलं नाही. बुलडाणा जिल्ह्यात मी एकवीस वर्षं सहावी ते आठवीच्या शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली. सरकारी कागदात मला सुलभक म्हणत. शिक्षक आपसात काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, पण ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेचा हॉल, पाच दिवस, चाळीस-पन्नास शिक्षक. सकाळी हजेरीपटावर सही, मग एक समूहगीत, मग आम्ही. मागच्या रांगेतले सर मोबाइलवर शाळेची माहिती भरत बसलेले असतात, कारण तीही त्याच दिवशी दुपारपर्यंत वर पाठवायची असते. त्यांना रागावून उपयोग नाही. चहा वेळेवर आला तर प्रशिक्षण चांगलं झालं असं सगळे म्हणतात, आणि नाही आला तर मीही वाईट.

शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडं एक नवा विषय आला. घटकसंचात, म्हणजे आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत, त्याचं नाव 'संस्कृती-सुसंगत अध्यापन' असं छापलं होतं. नाव ऐकूनच निम्मा हॉल पाणी प्यायला उठायचा. म्हणून मी ते नाव फळ्यावरून पुसून साध्या भाषेत सांगायची. पोरगं घरून रिकाम्या हातानं येत नाही. काही ना काही येत असतं त्याला, काही माहीत असतं. आपण ते सगळं बाहेर चपलांजवळ ठेवायला लावतो. ते वर्गात येऊ द्यायचं आणि त्याच्या आधारानं पुस्तकातलं शिकवायचं. विषय एवढाच आहे, आणि तो मला स्वतःलाच नीट कळायला फार उशीर लागला.

संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत मी पाठ पाहायला गेले होते. तिथला तरुण शिक्षक आमच्या प्रशिक्षणातून अगदी पेटून परतला होता. आदिवासी मुलांच्या संस्कृतीचा सन्मान म्हणून त्यानं कार्यक्रम ठेवला होता. मुलांच्या डोक्याला कोंबडीची पिसं, कमरेला पळसाची पानं, गालांवर चुन्याचे पट्टे. सातवीतल्या एका मुलानं मला हळूच विचारलं, "मॅडम, आमी कोनते लोक झालो हाओत?" त्याचे वडील शेजारच्या गावात ट्रॅक्टर चालवत. शिक्षकाला बाजूला घेऊन मी विचारलं की तुम्ही या मुलांच्या घरी कधी गेलात का. तो म्हणाला, "नाही मॅडम, पन नेटवर पाह्यलं." मला हसू आलं आणि लगेच जिरलंही, कारण नेटवर माहिती शोधा असं सांगणारी स्लाइड माझीच होती.

दुसरी गोष्ट लोणारकडची, सुलतानपूरच्या पलीकडच्या एका शाळेतली. सहावीला अन्नघटकांचा पाठ चालला होता. बाईंनी विचारलं, काल रात्री काय जेवलात? सगळ्या वर्गानं एकामागून एक वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर असं सांगितलं. पुस्तकातल्या चित्रातलं ताट जसंच्या तसं. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत उभं राहून मी तोच प्रश्न विचारला, तर कोणाकडं ज्वारीची भाकर आणि ठेचा झालेला, कोणाकडं अंबाडीची भाजी, दोघांकडं मटण. "मग वर्गात का नाही सांगितलं रे?" तर म्हणे, "ते कुठं अभ्यासातलं हाय?"

या दोन अनुभवांनंतर मी घरभेट सुरू केली. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी जायचं, तासभर बसायचं. अभ्यासाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, फॉर्म भरायचा नाही. परत येऊन एक पान लिहायचं, या घराला असं काय येतं जे आपल्या विषयातही आहे? फॉर्म नाही म्हटल्यावर काही शिक्षक खरोखर घाबरले.

धामणगाव बढेच्या अलीकडं एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या शाळेत वानखडे सर गणित शिकवायचे. पन्नाशी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. गणित चोख, आणि जीभ त्याहून. ते हॉलमध्ये उभे राहिले. "मॅडम, तीन छेद आठ बुलडाण्यात बी तीन छेद आठ अन् लंडनात बी तीन छेद आठच. मले गणित शिकवाचं हाय. लोकाइच्या घरचा सयपाक पाहाले मी कायले जाऊ?" हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, सर, एक तास जाऊन या, आणि नाही पटलं तर पाचव्या दिवशी याच माईकवरून मला खोटं पाडा. मला खोटं पाडायची संधी म्हटल्यावर ते तयार झाले, आणि साक्षीदार म्हणून मलाच सोबत घेऊन गेले.

त्यांनी तरन्नुम नावाची सातवीतली मुलगी निवडली होती. अपूर्णांकात शून्य आणि सतत गैरहजर, म्हणून. तिचे वडील गफ्फार मिस्त्री दारंखिडक्यांच्या चौकटी करत. घरापुढच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांचं काम चाले. आम्ही गेलो तेव्हा मिस्त्री सागाच्या फळीवर वाकले होते आणि तरन्नुम टेप धरून बसली होती.

"दोन फूट, पाच इंच, तीन सूत," ती म्हणाली. मिस्त्रींनी अंगठा ठेवला, तिनं अंगठ्याजवळ पेन्सिलनं रेघ मारली, मिस्त्रींनी करवत उचलली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारकामात सगळा हिशेब सुतात चालतो.

वानखडे सरांना राहवलं नाही. अभ्यासाचं बोलायचं नाही हे विसरून त्यांनी विचारलं, "काय वं, दीड इंचात तीन सूत मियवले त किती?"

"एक इंच सात सूत."

"त्याचं अर्ध?"

"साडेसात सूत." तिनं टेपवरून मानही वर केली नाही.

हेच गणित, दीड अधिक तीन छेद आठ, त्यांनी आदल्या आठवड्यातल्या चाचणीत घातलं होतं आणि तिनं ते कोरं सोडलं होतं. पुढं तिनं जोडलेल्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणली. सरांनी हे कशाला म्हणून विचारलं. "दोनीकून दोरी सारखी भरली त चौकट गुण्यात हाय," ती म्हणाली. गुण्यात म्हणजे चारही कोन काटकोन. आयताचे कर्ण समान असतात हे आम्ही आठवीत शिकवतो, आणि ती सातवीत होती.

परतताना सरांनी मोटारसायकल वाटेत बाजूला घेतली. मग म्हणाले, "मॅडम, दोन वर्सं झाले हे पोरगी माह्या वर्गात बसून राह्यली. मी तिले सगळ्याइसमोर ढ म्हनत होतो."  

पाचव्या दिवशी ते माईकवर आले आणि मला खोटं पाडण्याऐवजी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. शाळेत परतल्यावर त्यांनी एक टेप विकत घेतली, तरन्नुमला विचारून वर्गात सूत शिकवले, आणि सुतावरून अपूर्णांक. मुलं बाकं मोजायची, खिडक्या मोजायची. तरन्नुम दुसऱ्या बाकावर आली. तिची गैरहजेरी पूर्ण थांबली नाही, पण आली की ती हात वर करायची. एवढं चांगलं मी माझ्या नोकरीत फार वेळा पाहिलेलं नाही.

आमच्या खात्यात प्रत्येक प्रशिक्षणाची यशोगाथा लागते. एक पान मजकूर आणि एक फोटो, तोही शनिवारच्या आत. मला माझ्या लेखणीचं थोडं कौतुक आहे, हे या लेखावरूनही कळत असेल. मी झकास लिहिली. 'वडिलांच्या कामातली सगळी मापं तरन्नुमच घेते. ती आकडा सांगते आणि वडील त्या आकड्यावर निःशंक करवत चालवतात.' फोटोत ती टेप धरून, मागं मिस्त्री. मी ती शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती दुसऱ्या ग्रुपवर गेली, आणि संध्याकाळपर्यंत त्या गावच्या ग्रुपवर पोचली. मला फुलं आणि अंगठे मिळत राहिले, आणि मी ते मोजलेही.

दहाएक दिवसांनी वानखडे सरांचा फोन आला. तरन्नुम शाळेत येत नव्हती.

"आजारी आहे का?"

"नाही मॅडम. मिस्त्रीले दिसत नाही."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. साखरेच्या आजारानं दोन वर्षांपासून मिस्त्रींची नजर अधू झाली होती. लाकूड दिसायचं, हाताला काम पाठ होतं, पण टेपवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. घराबाहेर हे कोणाला ठाऊक नव्हतं. नजर गेलेल्या सुताराकडं कोण चौकट करायला टाकणार? एक काप चुकला की सागाची फळी वाया. म्हणून मापाचं काम निघालं की तरन्नुम घरी थांबायची. तिची गैरहजेरी ती हीच. आम्ही दोघं त्या शेडमध्ये तासभर बसलो, तिचं गणित पाहून थक्क झालो, आणि एवढा अनुभवी कारागीर स्वतःची टेप स्वतः का वाचत नाही, हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. जे त्या घरानं दोन वर्षं झाकून ठेवलं होतं ते मी फोटोसकट गावाला वाटलं होतं. दोन जणांनी आपली कामं परत नेली होती. चहाच्या टपरीवर एकानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय मिस्त्री, पोरीच्या भरोशावर दरवाजे करून राह्यले काय?"

मी ग्रुपवरची पोस्ट काढून टाकली, पण लोकांच्या मोबाइलमधून ती काढणं माझ्या हातात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रींनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा सांगितला. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमी झूठ तं काई लिहिलं नाही. पन ते माह्या घरातलं होतं."

तरन्नुम आतून आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. "तुमी इचारलं काऊन नाही?" तिनं मला सरळ विचारलं. "सरनं इचारलं तं मी हो म्हनलं. वर्गात शिकवाले हो म्हनलं होतं. फोटो काढून गावाले वाटाले नाही."

मी माफी मागितली. तेराचौदा वर्षांच्या मुलीसमोर हात जोडले, आणि ते दिखाव्यासाठी नव्हतं. मला खरोखर शरम वाटत होती. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आता हे बी लिहान काय?"

 वानखडे सरांनी मात्र माफी वगैरे काही मागितली नाही. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, माह्या घरचा समोरचा दरवाजा सडला. चौकटीसकट नवा पाह्यजे. माप घ्याले कवा येता?"

मिस्त्री म्हणाले, "सर, मापाचं तं आता तुमाले मालूमच हाय..."

"म्हून तं म्हनतो, दोघं या. चुकलं त फळी माही."

तो दरवाजा झाला. वानखडे सरांच्या घरी जो कोणी जाई त्याला चहाच्या आधी दोरीचं एक टोक हातात मिळे आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहावे लागत. शेजारी वैतागले, पण गावात बातमी फिरली. मिस्त्रींकडं काम परत येऊ लागलं, पहिल्याइतकं नाही. सरकारी दवाखान्यात डोळ्यांची तपासणी मी करून दिली. एका डोळ्याचं निभावलं, दुसऱ्याचं उशीर झाल्यामुळं नाही.

तरन्नुम दीड महिन्यानं शाळेत परतली. येताना तिनं सरांना एक अट घातली. वर्गात तिच्या घरचं काही काढायचं नाही आणि टेप तर नाहीच. सरांनी टेप कपाटात ठेवून दिली. यात गणिताचं नुकसान झालं आणि ते मी माझ्या नावावर धरते.

पुढच्या वर्षी मी त्यांचा आठवीचा पाठ पाहायला गेले. आयताच्या कर्णांचा धडा होता. सरांनी एका मोडक्या फलकाची चौकट टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही आयत आहे की नाही, कसं ओळखाल? मुलं बाजू मोजू लागली. समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या, तरी चौकट तिरकी दिसतच होती. मुलं पुन्हा त्याच बाजू मोजू लागली. तरन्नुमला येत होतं. सरांना ठाऊक होतं, मलाही. सरांनी तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. ते फक्त थांबले. माझ्या निरीक्षणाच्या तक्त्यात 'उत्तर येणाऱ्या विद्यार्थ्याला संधी दिली का' असा एक रकाना होता, तो मी कोरा सोडला. शेवटी तिच्या शेजारची मुलगी फूटपट्टी घेऊन चौथ्यांदा तीच बाजू मोजायला निघाली, तेव्हा तरन्नुम वैतागून पुटपुटली, "दोरी लाव ना वं तिरपी." शेजारणीनं दोरी लावली. सर फळ्याकडं वळले आणि बराच वेळ तिकडंच तोंड करून खडू शोधत राहिले.

त्यानंतर माझ्या प्रशिक्षणात घरभेट तशीच राहिली, पण एक नियम वाढला. शिक्षकानं लिहिलेलं पान आधी त्याच घरी जाऊन वाचून दाखवायचं, आणि घरच्यांनी काढा म्हटलं ते काढायचं. पानं खाडाखोडीची येऊ लागली. एका साहेबांनी विचारलं, ही अशी घाण पानं अहवालाला कशी जोडणार? मी म्हणाले, जोडू नका. काही पानं पूर्ण खोडलेली यायची, खाली फक्त शिक्षकाची सही. तीही मी हजेरीत धरायची.

निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. या अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा दुसरं काही सुचेना. लेख लिहिला आणि नियमाप्रमाणं तो घेऊन मिस्त्रींच्या घरी गेले. शेडमध्ये तसाच भुसा, तशाच चौकटी. तरन्नुम आता कॉलेजात जाते. सुट्टीच्या दिवशी मापं घ्यायला उघडपणे वडिलांसोबत लोकांच्या घरी जाते. तिनं सगळा लेख मोठ्यानं वाचला. मिस्त्री सासूबाईंच्या वाक्याला हसले. वडिलांच्या डोळ्यांबद्दलचं आलं तिथंही तिचा आवाज हलला नाही.

मग तिनं वडिलांच्या कानामागची जाड पेन्सिल काढली आणि दोन ओळी खोडल्या. त्या इथं नाहीत, आणि काय होत्या ते मी सांगणार नाही. "नावं बदलजा," ती म्हणाली. मी बदलली आहेत.

मी कागद पिशवीत ठेवून उठले, तेव्हा तिनं विचारलं, "पुस्तकात फोटो लागते काय?"

"लेखिकेचा मागितलाय."

"मंग द्या ना तुमचा," ती म्हणाली, "टेप हातात धरून काढजा."

मी अजून फोटो पाठवलेला नाही.